त्यांना कधी कुत्रा चावला होता का?

नेत्रदानाचा विषय निघाला की हल्ली दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं : ‘दान केलेले कितीतरी डोळे फेकूनच देतात म्हणे, मग द्यायचे कशाला?’ आणि दुसरं : ‘मेलेल्या माणसाचा भाग जिवंताच्या डोळ्यात बसवायचा, त्यातून काय काय येईल कोणी सांगावं?’ गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकाच तोंडून, दहा मिनिटांच्या अंतराने निघतात. पहिल्यात तक्रार अशी की नेत्रपेढ्या नको इतक्या चोखंदळ आहेत. दुसऱ्यात अशी की त्या पुरेशा चोखंदळ नाहीत. त्यावर नेत्रदानाचे प्रचारक ‘काही धोका नाही, सगळं शंभर टक्के सुरक्षित आहे’ असं ठोकून देतात आणि मोकळे होतात. या तिन्ही मंडळींना सुरक्षितता ही आंबटगोड चवीसारखी त्या वस्तूच्याच अंगी असलेली गोष्ट वाटते. तिथेच वादाची गाडी रुळावरून घसरते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मृत दात्याकडून घेतलेला कॉर्निया, म्हणजे पारपटल, माणसाच्या शरीरातून माणसाच्या शरीरात जाणाऱ्या गोष्टींपैकी अतिशय सुरक्षित गोष्ट आहे. पण ही सुरक्षितता त्याला जन्मजात मिळालेली नाही आणि प्रयोगशाळेतली यंत्रंही ती पुरती देऊ शकत नाहीत. तिचा मोठा हिस्सा एका अवघड संभाषणातून येतो. ते संभाषण मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत, रडून डोळे सुजलेल्या माणसांशी करावं लागतं. तिथे घरची माणसं जितकं खरं आणि मोकळं बोलतील, तितका पुढच्या रुग्णाचा जीव निर्धास्त. त्यामुळे जो कोणी या संभाषणावरचा विश्वास उडवतो, तो घाबरवून उडवो की गोड बोलून, सुरक्षिततेच्या मुळावरच घाव घालतो.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. आत्या गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे आम्ही नेत्रपेढीला फोन केला. एक तरुण मुलगी आणि तिच्याबरोबर एक तंत्रज्ञ असे दोघं आले. फोनवर तिने आधीच सांगितलं होतं : पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. आम्हाला वाटलं, आता पंधरा मिनिटांत काम उरकून जातील. पण मुलीने पिशवीतून चार पानी फॉर्म काढला आणि आतेभावाला बाजूला बसवून विचारायला लागली. शेवटच्या काही महिन्यांत वागण्यात फरक पडला होता का? तोल जायचा का? बोलताना अडखळायच्या का? कधी मेंदूची शस्त्रक्रिया? लहानपणी वाढीची इंजेक्शनं? आणि मग, ‘त्यांना कधी कुत्रा चावला होता का? किंवा दुसरा कुठला प्राणी?’ आतेभावाचा पारा चढला. ‘आम्ही डोळे देतोय आणि तुम्ही आमचीच उलटतपासणी करताय?’ ती मुलगी दबली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, ‘दादा, ज्यांना हे डोळे बसतील त्यांना हे विचारायची सोय नाही ना. म्हणून त्यांच्या वतीने मी विचारते.’

त्या दिवशी मलाही तो प्रश्न विचित्र वाटला होता. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या फॉर्मवरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी मृत्यू आहे.

भिणाऱ्यांचं भय निराधार नाही, हे इथे सरळ कबूल करायला हवं. १९७४ साली वैद्यकीय नियतकालिकात एका बाईंची हकिगत छापून आली. कॉर्निया बसवल्यानंतर दीड वर्षाने त्यांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाची लक्षणं सुरू झाली. मेंदूची अक्षरशः चाळण करणारा हा रोग, त्यावर उपाय नाही. त्यांना ज्याचा कॉर्निया मिळाला होता तो दाता त्याच रोगाने गेला होता, हे शवविच्छेदनात सिद्ध झालं. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेत आणखी एक रुग्ण कॉर्निया प्रत्यारोपणानंतर रेबीजने दगावली. दात्याच्या शरीरात खालून वर चढत गेलेला अर्धांगवायू डॉक्टरांनी वेगळ्याच आजाराच्या खात्यात टाकला होता. त्यानंतर फ्रान्स, थायलंड, भारत आणि इराण इथूनही अशा नोंदी आल्या. पाच देश मिळून कॉर्नियातून रेबीज झालेल्या आठ पक्क्या घटना वैद्यकाच्या वाङ्मयात आहेत. हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारची कावीळ, कॉर्नियातून गेल्याच्याही दोन घटना नोंदलेल्या आहेत. प्रचारपत्रकांत यातलं अवाक्षर नसतं. ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे.

का, ते एका जुन्या गोष्टीवरून कळेल. एकोणिसाव्या शतकात देवीची लस दंडावरून दंडावर देत : एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचायची. १८६१ मध्ये इटलीतल्या रिवाल्टा गावात असं टोचता टोचता चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला. लस देवीपासून वाचवत होती यात शंका नाही. पण लसीचे कैवारी कित्येक वर्षं ‘अशाने उपदंश होऊच शकत नाही’ असं सांगत आले होते. त्यांच्या त्या नाकबुलीने लसविरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं. शेवटी मार्ग निघाला तो वासराच्या कातडीवर लस वाढवून, म्हणजे धोका मान्य करून तो जिथून येतो ती वाट बंद केल्यावर. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या नेत्रदान-प्रचारकांनी रिवाल्टाची मुलं आठवावीत. ज्या धोक्याचं अस्तित्वच नाकारलं, त्यासाठी घरच्यांना प्रश्न तरी कुठल्या तोंडाने विचारणार?

आता त्या भयकथांकडे परत येऊ आणि जरा नीट वाचू. त्यांत कॉर्नियाने दगा दिला, की कागदाने? रेबीजच्या दात्यांचा तपशील पाहिला तर बहुतेकांना मरणाआधी मेंदूचा किंवा मज्जातंतूंचा, नीट निदान न झालेला आजार होता. अर्धांगवायू, भ्रम, ताप. म्हणजे इशारा केसपेपरवरच लिहिलेला होता, तो त्या नजरेने वाचणारं कोणी नव्हतं. यातूनच पुढे नेत्रपेढ्यांचा एक कडक नियम आला : कारण न कळलेल्या मेंदूविकाराने मृत्यू झाला असेल, तर डोळे प्रत्यारोपणाला घ्यायचे नाहीत. दिसायला साधा नियम. पण तो पाळायचा तर मृत्यूचं कारण आणि त्याआधीचे दिवस कुणीतरी खरे सांगावे लागतात.

‘मग सगळ्याच गोष्टींची चाचणी करा की!’ हा पुढचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, उपदंश यांसाठी दात्याच्या रक्ताची तपासणी होते आणि झालीच पाहिजे. त्यात सवलत नको. पण चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य अशी जी भाबडी समजूत आहे, तिला नेत्रपेढीतला कुठलाही तंत्रज्ञ हसेल. शरीर जिवंत असताना काढलेलं रक्त आणि मृत्यूनंतर काढलेलं रक्त यांत फरक असतो. मृत्यूनंतर तांबड्या पेशी फुटतात, नमुना लालसर होतो आणि काही चाचण्या गोंधळतात. दुसरं, माणूस अतिदक्षता विभागात असताना त्याला सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या आणि रक्ताच्या पिशव्या चढवलेल्या असतात. अशा वेळी नसेतलं रक्त निम्मं पाणचट झालेलं असू शकतं आणि असलेला विषाणूही चाचणीत दिसत नाही. किती द्रव दिला, कधी दिला, त्याआधीचा नमुना मिळेल का, याचा हिशेब मांडावा लागतो. तो हिशेबही पुन्हा कागदावरून आणि माणसांना विचारूनच होतो. तिसरं, संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी गप्प बसते. आणि सर्वांत महत्त्वाचं : ज्या दोन रोगांनी कॉर्निया मिळालेल्यांचे जीव घेतले, त्या दोन्हींसाठी दात्याच्या रक्ताची उपयोगी पडेल अशी चाचणीच नाही. रेबीज असो की क्रॉइट्झफेल्ट-याकोब, पक्का पुरावा मेंदूच्या ऊतींत सापडतो. तिथे आतेभावाला विचारलेला तो प्रश्न हेच यंत्र.

इथे इतिहासाचं एक वळण मला फार बोलकं वाटतं. माणसाच्या कॉर्नियाचं पहिलं यशस्वी पूर्ण जाडीचं प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी केलं. रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला मजूर, आणि दाता अकरा वर्षांचा जिवंत मुलगा. त्याचा जखमी डोळा काढावाच लागणार होता. दोन्ही माणसं डॉक्टरांसमोर. विचारायचं ते समोरासमोर विचारता येत होतं. पुढे १९३० च्या दशकात ओडेसात व्लादिमिर फिलातोव्ह यांनी मृतांचे कॉर्निया वापरून दाखवले आणि या शस्त्रक्रियेचं भाग्य उजळलं, कारण जिवंतांचे निकामी झालेले डोळे मिळणार किती? पण त्याच क्षणी दाता बोलेनासा झाला. तिथून पुढे नेत्रपेढ्यांची जी काही प्रश्नावली वाढत गेली, ती त्या न बोलणाऱ्या दात्याच्या जागी कुणालातरी बोलतं करण्याची धडपड आहे.

ही धडपड टाळून बघण्याचा प्रयोगही झाला आहे, आणि हा माझ्या विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरू शकतो. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असे कायदे केले की शवविच्छेदनासाठी आलेल्या मृतदेहाचे कॉर्निया, नातेवाइकांनी आधी विरोध नोंदवलेला नसेल तर, त्यांना न विचारता घेता यावेत. हेतू चांगला होता. पुरवठा वाढला, तरुण दात्यांचे निरोगी कॉर्निया मिळाले, अंधारात बसलेल्या माणसांना दृष्टी मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आजही ‘परवानगीचं नाटक कशाला? सगळ्यांचे डोळे आपोआप घ्या’ असं तावातावाने म्हणणारे भेटतात, त्यांचा रोख याच दिशेला असतो. पण ज्या घरच्यांना विचारलंच नाही, त्यांच्याकडून आजाराची माहिती कुठून मिळणार? २००५ मध्ये अमेरिकी नियामकांनी दात्याला ओळखणाऱ्या माणसाची मुलाखत बंधनकारक केली आणि न विचारता कॉर्निया घेण्याचा तो मार्ग व्यवहारात संपला. एरवी संमती हा नीतीचा विषय आणि सुरक्षितता हा विज्ञानाचा, अशी आपण सोयीस्कर वाटणी करतो. इथे दोन्ही एकाच खुर्चीत येऊन बसले. स्पेनचंही तेच : १९७९ पासून तिथल्या कायद्यात संमती गृहीत धरलेली आहे, तरी प्रत्यक्षात कुटुंबाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

रक्तदानाने हा धडा आधीच घेतला होता. अमेरिकेत पैसे देऊन घेतलेल्या रक्तातून कावीळ पसरण्याचं प्रमाण स्वेच्छेने दिलेल्या रक्तापेक्षा जास्त आढळलं. ज्याला पैशाची निकड, तो आजार लपवणार, इतकं सरळ गणित. कॉर्नियाच्या बाबतीत पैशाची जागा भीती, शरम किंवा रागही घेऊ शकतो. चिडलेला आतेभाऊ ‘नाही, नाही, काही नव्हतं’ म्हणत सगळ्या प्रश्नांना फुली मारून मोकळा झाला असता, तर?

अर्थात हे संभाषणही अचूक नसतं, आणि माझ्या मताला सर्वांत अडचणीची घटना मी दडवणार नाही. १९९७ साली ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारलेल्या एका बाईंचे डोळे घेतले गेले. विचारलं होतं, कारण माहीत होतं, सगळं नियमात. नंतर मेंदूच्या तपासणीत क्रॉइट्झफेल्ट-याकोब निघाला, आणि तोवर त्यांच्या डोळ्यांच्या ऊती तीन रुग्णांकडे पोचल्या होत्या. मग माझा सगळा डोलारा कोसळला का? नाही कोसळत, कारण सुरक्षिततेची दुसरी कडी इथे दिसते : कुठला कॉर्निया कुणाच्या डोळ्यात गेला याची नोंद. तिन्ही रुग्ण सापडले ते वहीत नावं होती म्हणून. जर्मनीत २००५ मध्ये हे आणखी ठळक झालं. भारतात जाऊन आलेल्या एका दात्याला रेबीज होता हे अवयव बसवून झाल्यावर उघडकीला आलं. फुप्फुस, मूत्रपिंड आणि मूत्रपिंडासह स्वादुपिंड मिळालेले तिघं गेले. यकृत मिळालेला वाचला, त्याला पूर्वी कधीतरी रेबीजची लस टोचलेली होती. आणि कॉर्निया मिळालेल्या दोघांना वेळेत गाठून कॉर्निया काढले, लस दिली; ते दोघंही वाचले. आठ मृत्यूंची यादी वाचून दाखवणारे या दोघांची गोष्ट कधी सांगत नाहीत.

आता ‘डोळे फेकून देतात’ या पहिल्या वाक्याचं काय? फेकून देणं हा शब्दच खोटा आहे. प्रत्यारोपणाला न चालणारे डोळे बहुधा संशोधनाला आणि शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हाताला वळण लावायला जातात. पण न चालण्याचं कारण तरी काय? कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. तो कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर काढत राहतो म्हणून कॉर्निया काचेसारखा राहतो. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आहेत तेवढ्यावर आयुष्य काढायचं. म्हणून नेत्रपेढीत त्या खास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. षट्कोनी पेशींची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडद्यावर दिसते आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण दोन हजारांच्या खाली आकडा गेला तर डोळसपणे नाही म्हणतात. कारण तो कॉर्निया बसवला तरी काही वर्षांत धुरकटेल आणि रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपावं लागेल. असा कॉर्निया नाकारणं हा दात्याचा अपमान, असं म्हणणाऱ्याने त्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचाही विचार करावा.

तरी या तक्रारीत तथ्याचा अंश आहेच, आणि तो नेत्रपेढ्यांनी मुकाट ऐकावा. पथक उशिरा पोचलं, पापण्या उघड्या राहून कॉर्निया सुकला, शीतसाखळी तुटली, म्हणून वाया गेलेल्या डोळ्याचा दोष दात्याच्या वयावर किंवा नशिबावर ढकलता येत नाही. शिवाय काही नियम पुराव्यापेक्षा धास्तीतून आलेले असतात. म्हाताऱ्यांचे डोळे काय कामाचे, असं शल्यचिकित्सकांनाही वाटायचं. अमेरिकेत १,०९० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला : एका गटाला १२ ते ६५ वर्षांच्या दात्यांचे कॉर्निया, दुसऱ्याला ६६ ते ७५ वर्षांच्या. पाच वर्षांनी दोन्ही गटांत यशाचं प्रमाण सारखंच, ८६ टक्के. त्याच देशात १९९४ च्या एका मार्गदर्शक नियमाने मागच्या पाच वर्षांत पुरुषांशी संबंध आलेल्या पुरुषांना ऊतिदानातून सरसकट वगळलं. एचआयव्हीची चाचणी त्यानंतर कितीतरी पुढे गेली, कॉर्नियातून एचआयव्ही गेल्याची एकही घटना नोंदलेली नाही, तरी तो नियम वर्षानुवर्षं तसाच राहिला. सावधपणा आणि सोवळेपणा यांतली रेघ इथे पुसली गेली. असे नियम माणसांना खोटं बोलायलाही शिकवतात, आणि खोट्या उत्तराइतकं धोकादायक या व्यवहारात काही नाही.

मग धोका शून्यावर आणता येईल का? नाही. आणि खरा धोका लोक भितात तिथे नाहीही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीरात इतरत्र कर्करोग असलेल्या कितीतरी दात्यांचे कॉर्निया बिनदिक्कत वापरले जातात. रक्ताचे कर्करोग आणि डोळ्यातल्या काही गाठी मात्र वर्ज्य. रोजच्या व्यवहारातली डोकेदुखी वेगळी आहे : शरीराने कॉर्निया नाकारणं, आणि बुरशी. कॉर्निया ज्या द्रावणात थंड ठेवतात, त्यात जिवाणूंसाठी प्रतिजैविकं असतात, पण सर्रास वापरल्या जाणाऱ्या द्रावणात बुरशीवरचं औषध नसतं. अमेरिकी नेत्रपेढ्यांच्या नोंदींत दहा हजार प्रत्यारोपणांमागे साधारण दीड रुग्णाला बुरशीचा संसर्ग झालेला दिसतो. आकडा लहान आहे, पण ज्याचा डोळा जातो त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो. हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगायला हवं, ‘सही करा इथे’ म्हणून उरकायला नको. आणि हेही सांगायला हवं की थांबण्यालाही धोका आहे. जगभरच्या एका पाहणीनुसार २०१२ मध्ये १,८४,५७६ प्रत्यारोपणं झाली आणि प्रतीक्षेत होती सव्वा कोटींहून अधिक माणसं. सत्तर जणांच्या गरजेमागे एक कॉर्निया. शून्य धोक्याचा आग्रह धरणाऱ्यांनी उरलेल्या एकोणसत्तर जणांचं काय करायचं ते सांगावं.

आत्याच्या वेळी आतेभाऊ थोडा वेळ गप्प बसला होता. मग म्हणाला, ‘लिहा. चार वर्षांपूर्वी मांजरीने ओरबाडलं होतं, घरातलीच मांजर. आणि मागच्या महिन्यापासून नावं विसरत होती, पण ते औषध बदलल्यापासून.’ मुलीने औषधाचं नाव विचारलं, तारीख विचारली, डॉक्टरांचा फोन नंबर घेतला आणि आमच्यासमोरच त्यांना फोन लावला. त्यांच्याशी बोलून झाल्यावरच तंत्रज्ञाने हातमोजे घातले. पाचेक आठवड्यांनी पत्र आलं : एक कॉर्निया एका रुग्णाला बसवला, दुसऱ्यातल्या पेशी कमी भरल्या म्हणून तो प्रशिक्षणासाठी दिला. आतेभावाने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘मांजरीचं सांगितलं म्हणून तर नाही ना नाकारला?’ मी म्हटलं, नाही, तसं असतं तर दोन्ही गेले असते.